पहिल्या गुन्ह्यानंतरचं रिकामं वर्ष

गेल्या दोन-तीन वर्षांत अमली पदार्थांची चर्चा मराठवाड्यात चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत पोचली. ऑक्टोबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठण परिसरात महसूल गुप्तचर संचालनालयाने छापे घातले, त्यात मेफेड्रॉन (म्हणजेच एमडी), केटामाइन आणि कोकेनचा साठा सापडला. 2025 च्या सुरुवातीला तुळजापुरात एमडीचं प्रकरण उघडकीस आलं आणि आई भवानीच्या दारातसुद्धा हे विष पोचलं म्हणून घराघरांत हळहळ झाली. त्याच वर्षी चाकूर तालुक्यातल्या रोहिन्याच्या शिवारात एमडी बनवण्याचा कारखाना पकडला गेला. प्रत्येक बातमीनंतर तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, पकडलेल्यांची वस्तीतून धिंड काढा, तडीपार करा, संघटित गुन्हेगारीविरोधातला मोक्का लावा. दुसरी बाजू म्हणते, वीस वर्षांचं लेकरू आहे, चुकलं असेल, समज देऊन सोडा, आयुष्याचं वाटोळं करू नका. दोन्ही बाजू त्वेषाने भांडतात, आणि दोन्ही बाजूंचं लक्ष एकाच दिवसावर असतं: पोरगं पकडलं गेलं तो दिवस. माझं म्हणणं असं की खरा प्रश्न त्या दिवसानंतरच्या वर्षाचा आहे. नशेच्या पहिल्या केसनंतर तरुण पुन्हा गुन्ह्यात सापडतो की नाही, हे त्या एका वर्षात त्याच्याबरोबर काय घडतं यावर बरंचसं ठरतं. आपल्याकडे त्या वर्षात काहीच घडत नाही. तिथे दर आठवड्याची हजेरी आणि तपासणी, विचारपूस करणारा माणूस आणि उपचार हवेत, असं माझं मागणं आहे.

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा गांजाच्या पुडीसह सापडला, तर पुढे काय होतं? पंचनामा होतो, मुद्देमाल सील होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो, गुन्हा नोंदवला जातो. गांजासाठी एक किलोपर्यंत आणि एमडीसाठी दोन ग्रॅमपर्यंतचा साठा कायद्याने अल्प मात्रा धरला जातो, त्यामुळे जामीन लवकर मिळतो. सेवनाचाच गुन्हा असेल तर पदार्थानुसार कमाल शिक्षा सहा महिने किंवा एक वर्ष. मग रासायनिक तपासणीच्या (सीए) रिपोर्टची वाट, दोषारोपपत्राची वाट, आणि तारखांवर तारखा. या काळात त्याला कोण भेटतं? वकील भेटतो, तो पुढची तारीख सांगतो. पोलीस भेटतात ते गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या आधी, चॅप्टर केससाठी, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायला. डॉक्टर भेटत नाही, समुपदेशक भेटत नाही. जुने मित्र मात्र जामीन झाला त्याच संध्याकाळी भेटतात. कॉलेजात नाव झालेलं असतं, गावात पोरीकडचे लोक विचारपूस करून गेलेले असतात, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला मैदानावर जाण्यात अर्थ वाटेनासा होतो. ज्या टोळक्यात त्याला कुणी नावं ठेवत नाही ते टोळकं एकच उरतं. सहा महिन्यांनी तो पुन्हा सापडला, की ठाण्यातल्या नोंदवहीत तो ‘सराईत’ होतो आणि सगळे म्हणतात, बघा, हे सुधारणारं नव्हतंच!

दारूचं याहून सोपं समजलं जातं, म्हणून ते जास्त बिघडलेलं आहे. महाराष्ट्रात बिअर प्यायला वयाची 21 वर्षं आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही देशीच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी हा नियम कुणाच्या गावी नाही हे कळतं. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला तर दारूबंदी कायद्याचं कलम 85 लागतं, गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं 185. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, पुढच्या वेळी पंधरा हजार किंवा दोन वर्षं. बाप दंड भरतो, गाडी सोडवून आणतो, घरी दोन थोबाडीत देतो आणि प्रकरण मिटतं. ते पोरगं रोज पितं की त्या दिवशीच प्यायलं होतं, हा प्रश्न या सगळ्या कारवाईत कुठेच विचारला जात नाही.

कायद्यात सोय नाही म्हणून हे होतं का? अजिबात नाही. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 39 आहे. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, लगेच तुरुंगात न पाठवता सरकारमान्य रुग्णालयात उपचारासाठी बंधपत्रावर सोडता येतं, आणि एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा लागतो. त्याच कायद्याचं कलम 64 अ सांगतं की अशा गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळते, आणि त्याने उपचार अर्धवट टाकले तर ती सूट काढूनही घेता येते. 1958 चा परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा) कायदा तर 21 वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात टाकण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला लावतो. एनडीपीएसच्या बऱ्याच गुन्ह्यांत सज्ञान आरोपीला या कायद्याचा लाभ मिळत नाही, पण सेवनाच्या कलमाला तो अपवाद मोकळा ठेवलेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची वाटही उघडली. म्हणजे दारं आहेत. अडचण अशी की कलम 39 दोषी ठरल्यानंतर उपयोगी पडतं, आणि दोषी ठरायला कित्येक वर्षं जातात. तेव्हा भार 64 अ वर यायला हवा, अटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. ते कलम आपल्याला लागू होतं हे परभणीच्या एखाद्या वस्तीतल्या पोराला आणि त्याच्या आईला कोण सांगणार? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2015 मध्ये व्यसनग्रस्तांसाठी स्वतंत्र योजना आखली आहे. त्या योजनेतल्या वकिलाने पहिल्याच हजेरीला हा अर्ज पुढे करायला पाहिजे.

आता कडक कारवाई मागणाऱ्यांचं ऐकू. त्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं गावातल्या बायकांकडून येतं. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांना मतदान करता येतं. उभी बाटली की आडवी बाटली, असा तो कौल असतो, आणि दुकान बंद व्हायला गावातल्या निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. कामावरची मजुरी बुडवून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन रांगेत उभी राहिलेली बाई जेव्हा म्हणते की पिणाऱ्याला आत टाका, तेव्हा तिला सुधारणेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कुणाला आहे? रात्री मार ती खाते. पिणाऱ्या पोराच्या भविष्याची काळजी करणाऱ्यांनी त्याच्या मायच्या आजच्या रात्रीची काळजी आधी केली पाहिजे. त्यांचं दुसरं म्हणणंही खरं आहे: धाकाशिवाय कुणी उपचाराला येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा अनुभव याला दुजोरा देतो. 2020 मध्ये तिथल्या मतदारांनी वैयक्तिक वापरासाठी नशा जवळ बाळगणं गुन्ह्याच्या यादीतून काढलं, पकडल्यावर दंडाची पावती आणि हेल्पलाइनचा क्रमांक हातात द्यायचा, असं ठरलं. पावती मिळालेल्यांतले फार थोडे फोन करत होते, उपचार केंद्रांचा पैसा उशिरा पोचला, आणि 2024 मध्ये राज्याला तो गुन्हा पुन्हा कायद्यात आणावा लागला. सुटका दिली आणि पाठपुरावा केला नाही, की असं होतं.

पण या दोन्ही गोष्टी मान्य केल्यावर त्यातून कडक शिक्षेचा निष्कर्ष निघतो का? त्या बाईला हवं आहे ते हे की उद्या, परवा आणि पुढच्या महिन्यात तो पिऊन घरी येऊ नये. तीन दिवसांच्या कोठडीनंतर, अपमानाने चिडलेला, नोकरीची आशा गेलेला माणूस घरी परत येतो तेव्हा तिची रात्र अधिक सुरक्षित होते का? धाक शिक्षेच्या लांबीतून येत नाही. आपण पकडले जाणारच आणि लगेच जाब द्यावा लागणारच, या खात्रीतून तो येतो. याचा मला पटलेला दाखला साऊथ डकोटाचा. तिथे 2005 पासून वारंवार दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना न्यायालय दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, श्वासचाचणीला बोलावू लागलं. चाचणीत दारू सापडली की ताबडतोब, पण एक-दोन दिवसांचीच कोठडी. अभ्यासकांनी 2013 मध्ये आकडे मांडले तेव्हा ही पद्धत असलेल्या भागांत पुन्हा पिऊन गाडी चालवल्याच्या अटका सुमारे 12 टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचाराच्या अटका सुमारे 9 टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. हा दुसरा आकडा आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईसाठी आहे. तिला मिळालेलं संरक्षण लांब शिक्षेतून आलेलं नाही, रोजच्या तपासणीतून आलेलं आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. हवाई बेटांवर 2004 पासून चाललेल्या अशाच प्रयोगाचं खूप कौतुक झालं, पण अमेरिकेतल्या दुसऱ्या चार ठिकाणी तो करून पाहिला तेव्हा 2016 मध्ये हाती आलेले निष्कर्ष निराशाजनक होते. पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. म्हणजे नुसती चाचणी आणि नुसती कोठडी पुरत नाही. पोर्तुगालने 2001 मध्ये वैयक्तिक वापर फौजदारी न्यायालयातून बाहेर काढला, पण पकडलेल्या माणसाला मोकळं सोडलं नाही. त्याला तीन जणांच्या समितीपुढे यावंच लागतं, आणि तिथे बसलेले लोक त्याचं व्यसन कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहून त्याला उपचाराकडे वळवतात. चाचणी, माणूस आणि उपचार, ही तिन्ही एकत्र लागतात. त्यातलं एक काढलं की बाकीची दोन लंगडी होतात.

आपल्या प्रदेशाचा इतिहास या वादात कुणी आणत नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण हा धडा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने गिरवलेला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, 1947-48 मध्ये, मराठवाड्यातल्या गावोगावी कार्यकर्त्यांनी करोडगिरी नाके, म्हणजे निजामाचे जकात नाके, जाळले आणि शिंदीची झाडं तोडली. शिंदीवर का कुऱ्हाड पडली? आबकारीचा पैसा निजामाच्या तिजोरीत जात होता म्हणून. नशेतून कमावणारा कोण, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. दुसरा दाखला त्याच्या उलट टोकाचा आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, आणि पिढ्यान्पिढ्या माणसं जन्मावरून गुन्हेगार ठरली, हजेरीला बांधली गेली, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत कोंडली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्याने पुसला, पण पारध्याच्या पालावर आजही चोरी झाली की पहिली धाड पडते. शिक्का मारल्याने गुन्हे थांबत असते, तर ऐंशी वर्षांत ते थांबले नसते का? शिक्का बसलेल्या माणसाला प्रामाणिक कामाची दारं बंद झाली आणि पोलिसांना शोध घेण्याऐवजी ठरलेल्या वस्तीवर जाण्याची सवय लागली, एवढंच त्यातून निष्पन्न झालं. वीस वर्षांच्या पोराची धिंड काढून त्याचा व्हिडिओ पसरवणं ही त्याच जुन्या पद्धतीची पुनरावृत्ती आहे.

यावर कुणी मला अडवेल की तुम्हीही तर हजेरीच मागताय, आठवड्याला ठाण्यात किंवा दवाखान्यात यायला लावताय. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळता येणार नाही. माझ्या मते फरक तीन ठिकाणी पाहावा लागेल. ही हजेरी त्या माणसाने केलेल्या कृतीसाठी असावी, त्याच्या जातीसाठी किंवा वस्तीसाठी नाही. ती ठरलेल्या दिवशी संपली पाहिजे. आणि संपली की त्या माणसाला काहीतरी परत मिळालं पाहिजे. पहिल्या दोन अटी न्यायालयाच्या आदेशात लिहिता येतात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो.

विक्रेत्यांबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही. 2025 मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना मोक्काच्या कक्षेत आणण्याचं पाऊल सरकारने उचललं, ते योग्यच झालं. अल्पवयीन मुलाच्या हातात दारू किंवा नशा देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, ते कलम देशीच्या दुकानदारावर आणि चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या विकणाऱ्या मेडिकलवाल्यावर सर्रास लागायला हवं. संभाजीनगरात ‘बटन’ म्हणून ज्या गोळ्या पोरांच्या खिशात सापडतात, त्या कुठल्यातरी औषध दुकानाच्या किंवा घाऊक विक्रेत्याच्या हातून निघालेल्या असतात. पण इथे विरोधकांचा सगळ्यात अवघड मुद्दा येतो: ओढणारा आणि विकणारा वेगळा काढायचा कसा? एमडीचं व्यसन लागलेलं पोरगं स्वतःच्या पुडीचा खर्च भागवण्यासाठी मित्रांना दोन पुड्या विकतं, आणि मोठे तस्कर अशाच पोरांना पुढे करतात. हे खरं आहे, आणि याला सोपं उत्तर नाही. तरीही मात्रा, मोबाइलमधले व्यवहार, खात्यातला पैसा आणि वैद्यकीय तपासणी एकत्र पाहिली तर बहुतेक प्रकरणांत न्यायाधीशाला चित्र दिसू शकतं. काही ठिकाणी चूक होईल. एखादा छोटा विक्रेता उपचाराच्या वाटेने सुटेल. पण एक वर्षभर दर आठवड्याला तपासणीला येणाऱ्या माणसाला धंदा चालू ठेवणं कठीण आहे, आणि ठेवलाच तर तो लवकर नजरेत येईल.

‘लेकरू आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण कमी नाही. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात भरधाव पोर्शने दोन तरुणांचा जीव घेतला आणि सतरा वर्षांच्या आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला. तो संताप अल्पवयीनांच्या कायद्यावर निघाला, पण लोकांना खुपलं ते हे की एवढ्या मोठ्या कृत्यानंतर त्या मुलाच्या आयुष्यात काहीच बदलणार नाही असं दिसत होतं. सोडून देणं म्हणजे दया, हा समज चुकीचा आहे. व्यसनाच्या वाटेवरचं पोरगं समज देऊन सोडलं की त्याला कळतं ते एवढंच, की घराण्यात वजन असेल तर निभावतं. आणि ज्याच्या घराण्यात वजन नाही, त्या पालावरच्या किंवा झोपडपट्टीतल्या पोराला ही समज देऊन सोडण्याची सोय मिळत नाही.

वारकऱ्यांकडे पाहा. पैठण, आपेगाव, नरसी नामदेव असलेल्या आपल्या मुलखात माळ घातली की माणूस दारू सोडतो, हे प्रत्येकाने आपल्या भावकीत पाहिलेलं आहे. ते कशामुळे टिकतं? तुळशीच्या मण्यांवर श्रद्धा असतेच. पण त्याबरोबर एकादशीला भजनात कोण आला नाही हे विचारणारी माणसं असतात, दिंडीत शेजारी चालणारा असतो, आषाढीला पंढरपूरला जायचं असतं. ज्याने एकट्याने माळ घातली आणि भजनाला जाणं सोडलं, त्याची माळ खुंटीला लागायला वेळ लागत नाही. सरकारी यंत्रणेला हे सगळं उभं करता येणार नाही, पण ‘या आठवड्यात आला नाहीस, काय झालं?’ असं विचारणारा एक माणूस तिला नक्की देता येईल.

तो माणूस आज मराठवाड्यात नाही. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं यांचे मानसोपचार विभाग आहेत, पण भूमच्या किंवा सेनगावच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं. खाजगी व्यसनमुक्ती केंद्रं उगवली आहेत, त्यातल्या काहींत मारहाण होते आणि घरच्यांकडून दरमहा पैसे उकळले जातात. अशा केंद्रात सक्तीने पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं, या आक्षेपाशी मी सहमत आहे. म्हणूनच उपचाराची सुरुवात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी, आठवड्यातून एक दिवस, लघवीच्या तपासणीची किट, प्रशिक्षित समुपदेशक आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न मला पटत नाही. जून 2025 मध्ये सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपये जादा मिळण्याची अपेक्षा जाहीर केली. त्यातला अगदी छोटा हिस्सा प्रत्येक तालुक्यात एक परिवीक्षा अधिकारी आणि दोन समुपदेशक नेमायला पुरेल.

आता ती तिसरी अट. वर्षभर तपासणीला आलेल्या, नशेपासून दूर राहिलेल्या तरुणाला काय परत मिळणार? पोलीस भरती, तलाठी भरती, सैन्य भरती, ही आपल्या पोरांची स्वप्नं चारित्र्य पडताळणीच्या कागदावर मोडतात. परिवीक्षा कायद्याचं कलम 12 स्पष्ट सांगतं की परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात कोवळ्या वयातल्या क्षुल्लक गुन्ह्याकडे नोकरी देणाऱ्याने समजून पाहावं असं म्हटलं आहे. मग गृह विभागाने एक साधं परिपत्रक का काढू नये, की उपचाराचं वर्ष पूर्ण केलेल्या, पुन्हा गुन्हा न केलेल्या तरुणाचा अर्ज या एका केसवरून फेटाळला जाणार नाही? दर आठवड्याला आठ किलोमीटर सायकल मारत ग्रामीण रुग्णालयात यायचं असेल, तर समोर काहीतरी दिसायला हवं.

आणि ऊसतोड मजुरांच्या पोरांचा विचार वेगळा करावा लागेल. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना, परभणीतून लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी आजी आणि पोरं राहतात, ‘पालकांच्या हवाली’ करायला पालकच गावात नसतात. किंवा पोरगं स्वतः सांगलीच्या फडावर असतं आणि केजच्या न्यायालयात त्याची तारीख लागते. ते येत नाही. अजामीनपात्र वॉरंट निघतं, ते पुन्हा पकडलं जातं, आणि नशेला हात न लावता त्याच्या नावावर दुसरी अटक चढते. यातलं टाळता येण्यासारखं बरंच आहे. कारखान्याच्या गावच्या ठाण्यात हजेरी आणि तिथल्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी लावून घेण्याची परवानगी जामिनाची अट घालणारं न्यायालयच देऊ शकतं, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरमध्येच, अशा प्रत्येक तरुणाचा अर्ज न्यायालयात दाखल करावा आणि त्याची एक प्रत मुकादमाच्याही हातात द्यावी.